हायड्रोजन कोणाचा?

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली आणि त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षी जुलै महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ८,५६२ कोटी रुपयांच्या तरतुदीचे आपले स्वतंत्र धोरण मंजूर केले. २०३० सालापर्यंत देशात वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार व्हावा, असे केंद्राचे उद्दिष्ट आहे. हवा स्वच्छ राहावी, परदेशी इंधनावरचे अवलंबित्व कमी व्हावे, या हेतूंबद्दल कोणाचा मतभेद असण्याचे कारण नाही. परंतु इतका मोठा सार्वजनिक पैसा एखाद्या उद्योगाच्या उभारणीसाठी बाजूला काढला जातो, तेव्हा त्या उद्योगाची मालकी कोणाची, त्याचा कच्चा माल कोणाचा आणि त्यातला नफा कोणाच्या पदरात पडणार, हे प्रश्न आधी विचारावे लागतात. ते विचारण्याची जागा मुंबई-दिल्लीच्या परिषदांत आहे, त्याहून अधिक ती कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात आहे.

कोल्हापूरचा आणि हायड्रोजनचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध जुना आहे. फक्त तो दिसत नाही. पंचगंगेच्या किंवा दूधगंगेच्या काठचा शेतकरी उसाला युरिया घालतो. युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनिया हा नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या संयोगातून होतो. हिशोब केला तर युरियाच्या ४५ किलोंच्या एका पोत्यामागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडतो. एस.टी.च्या टाकीत जाणाऱ्या डिझेलमधले गंधक काढून टाकण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांना हायड्रोजन लागतो. १ एप्रिल २०२० पासून इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग इतकी खाली आल्यावर ही गरज आणखी वाढली. वनस्पती तूप, साबणासाठी व रबरासाठी लागणारे स्टिअरिक आम्ल, टूथपेस्टमधले सॉर्बिटॉल, कितीतरी औषधे यांच्या निर्मितीत कोठे ना कोठे हायड्रोजन जोडण्याची, म्हणजे हायड्रोजनीकरणाची पायरी येते. साध्या माणसाच्या घरात हा वायू स्वतः कधी येत नाही, पण त्याची किंमत मात्र तो रोज भरत असतो.

हायड्रोजनीकरणाचा उद्योग विसाव्या शतकाच्या प्रारंभी जन्मला. सेंद्रिय पदार्थांवर निकेलच्या बारीक चूर्णाच्या साहाय्याने हायड्रोजन चढविता येतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी दाखविले. त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. द्रवरूप तेल या मार्गाने घट्ट करता येते, हे जर्मनीच्या विल्हेल्म नॉरमान यांनी सिद्ध करून १९०२ साली त्याचे पेटंट घेतले. पुढील काही दशकांत ही विद्या मुंबईत आली आणि शिवडीच्या कारखान्यातून डालडा बाहेर पडू लागला. अनेक वनस्पती कारखाने आपल्याला लागणारा हायड्रोजन पाण्याचे विजेने विघटन करून मिळवीत. तेलाला त्याची मात्रा थोडीच लागते. तेलाचा आयोडीन अंक साठने खाली आणायचा, म्हणजे पातळ तेलाचे तुपासारखे दाणेदार स्निग्ध करायचे, तर टनामागे सुमारे पाच किलो हायड्रोजन पुरतो. एवढ्या अल्प गरजेसाठी विजेची घटपेटी परवडत होती. शिवाय विजेने मिळणारा हायड्रोजन मुळातच बराच शुद्ध असतो.

पण किलोभर हायड्रोजनसाठी पन्नास-पंचावन्न युनिट वीज जळते. पाच रुपये युनिटचा दर धरला तरी नुसत्या विजेचे अडीचशे रुपये होतात. रोज शेकडो टन हायड्रोजन लागणाऱ्या खत कारखान्याला आणि तेलशुद्धीकरणाला हा मार्ग झेपणारा नव्हता. त्यांनी हायड्रोकार्बनांचा मार्ग धरला. आज देशात वापरला जाणारा जवळजवळ सर्व हायड्रोजन नैसर्गिक वायू, नाफ्था यांसारख्या हायड्रोकार्बनांतून येतो. तेव्हा ही प्रक्रिया नीट समजून घेतल्याखेरीज तिच्या अर्थकारणावर बोलणे पोकळ ठरेल.

नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो. म्हणजे कार्बनच्या एका अणूभोवती हायड्रोजनचे चार अणू. हा मिथेन पाण्याच्या वाफेबरोबर निकेलच्या उत्प्रेरकाने भरलेल्या नळ्यांतून जातो. नळ्या भट्टीत असतात आणि आतले तापमान आठशे ते नऊशे अंश सेल्सिअस ठेवावे लागते. तेथे मिथेन फुटतो. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. मग या मोनॉक्साइडवर पुन्हा वाफ सोडली जाते. वाफेतला ऑक्सिजन त्याच्याशी जोडला जाऊन कार्बन डायऑक्साइड होतो आणि वाफेतला हायड्रोजन मोकळा होतो. मिळणाऱ्या हायड्रोजनपैकी निम्मा अशा रीतीने पाण्यातून येतो, ही या प्रक्रियेतली खरी किमया आहे. शास्त्राच्या हिशोबाने दोन किलो मिथेनपासून एक किलो हायड्रोजन मिळावयास हवा. परंतु भट्टीसाठीही वायूच जाळावा लागत असल्याने प्रत्यक्षात साडेतीन किलोंच्या आसपास मिथेन खर्च होतो. आणि किलोभर हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो. हायड्रोजन स्वतः जळताना धूर सोडत नाही, ही गोष्ट खरी. तो तयार होताना सोडला गेलेला धूर मात्र जाहिरातीत दिसत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट शुद्धतेची. निकेल हा जितका गुणी उत्प्रेरक तितकाच तो नाजूक. कच्च्या वायूत गंधकाचा अंश राहिला तर तो निकेलवर बसतो आणि त्याला निकामी करतो. म्हणून वायू भट्टीत जाण्यापूर्वीच जस्ताच्या ऑक्साइडच्या थरातून नेऊन त्यातले गंधक शोषून घ्यावे लागते. दुसऱ्या टोकाला, म्हणजे तेल घट्ट करण्याच्या पात्रात, पुन्हा निकेलच काम करीत असतो. तेथे हायड्रोजनबरोबर कार्बन मोनॉक्साइडचा अंश शिरला तर हाही निकेल मंद पडतो. म्हणून भट्टीतून निघालेला वायू तसाच वापरता येत नाही. पूर्वी द्रावणांत धुऊन कार्बन डायऑक्साइड काढला जाई आणि उरलेल्या मोनॉक्साइडचे पुन्हा मिथेन करून त्याचा उपद्रव थांबविला जाई. १९६० नंतरच्या दशकात दाब-बदलाच्या अधिशोषणाची पद्धत आली. वायू मोठ्या दाबाखाली विशिष्ट शोषक खड्यांच्या मनोऱ्यातून जातो. अशुद्ध घटक खड्यांना चिकटतात, हायड्रोजन पुढे निसटतो. मग दाब उतरवून खडे मोकळे केले जातात. या पद्धतीने ९९.९ टक्के आणि त्याहूनही अधिक शुद्ध हायड्रोजन हाती येतो. मात्र दहा-वीस टक्के हायड्रोजन अशुद्ध घटकांबरोबर मागे राहतो आणि भट्टीत जाळावा लागतो. शुद्धता फुकट मिळत नाही. तिची किंमत वायूच्या रूपाने मोजावी लागते.

आता अर्थशास्त्राकडे वळू. रासायनिक उद्योगात एक ढोबळ नियम मानला जातो: कारखान्याची क्षमता दहापट केली तर भांडवली खर्च दहापट होत नाही, सुमारे चौपटच होतो. म्हणजे मोठ्या कारखान्यात दर टनामागचे भांडवल लहान कारखान्याच्या चाळीस टक्क्यांवर येते. भट्ट्या, दाबयंत्रे, शुद्धीकरणाचे मनोरे या सर्वांना हा नियम लागू आहे. विजेच्या घटपेट्यांची गोष्ट वेगळी. त्या एकाशेजारी एक मांडत जाता येतात, त्यामुळे लहान कारखानदारही त्या वापरू शकत होता. हायड्रोकार्बनांच्या मार्गाने हायड्रोजन स्वस्त झाला खरा, पण तो मोठ्या भांडवलाच्या दाराशी जाऊन बांधला गेला. तंत्रज्ञान तटस्थ असते, असे नेहमी सांगितले जाते. परंतु जे तंत्र आकार वाढविणाऱ्यालाच बक्षीस देते, ते मालकीच्या प्रश्नात तटस्थ राहू शकत नाही.

या देशाने एके काळी या प्रश्नाला एक उत्तर दिले होते. भांडवल मोठेच लागणार असेल तर ते समाजाच्या मालकीचे असावे, हे ते उत्तर. ट्रॉम्बे येथील सरकारी खत कारखाना १९६५ साली सुरू झाला. १९७४ साली बॉम्बे हायमध्ये तेल लागले, पुढे तेथील वायू किनाऱ्यावर आला आणि राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कंपनीचा थळचा प्रकल्प त्या वायूवर उभा राहिला. दररोज प्रत्येकी १,३५० टन अमोनिया करणारे दोन विभाग तेथे बांधले गेले. म्हणजे रोज सुमारे पावणेपाचशे टन हायड्रोजन तेथे हायड्रोकार्बनांतून निघू लागला. या प्रकल्पाच्या जागेवरून त्या काळी मोठे वाद झाले, किनाऱ्याच्या पर्यावरणाचे प्रश्न उपस्थित झाले, आणि ते रास्तही होते. तरीही कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या रानापर्यंत युरियाचे पोते परवडणाऱ्या दरात पोहोचले, यात सार्वजनिक मालकीचा वाटा नाकारता येणार नाही.

परंतु या उत्तराची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. देशात वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याच्या आसपास वायू परदेशातून येतो. कोकणात दाभोळला जहाजांनी द्रवरूप वायू उतरतो आणि तेथून निघालेली गेलची वाहिनी सह्याद्री ओलांडून बेळगाव, धारवाडच्या बाजूने बेंगळुरूकडे जाते. जगाच्या दुसऱ्या टोकाला युद्ध पेटले की या वाहिनीतल्या वायूचा भाव बदलतो. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२-२३ साली खतांवरील केंद्राचे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले, ते यामुळेच. २०१८ पासून युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्याची किंमत करांव्यतिरिक्त २४२ रुपये ठेवलेली आहे. हायड्रोजनची किंमत किलोला दीडशे रुपये धरली तरी पोत्यातल्या नुसत्या हायड्रोजनचेच पावणेसातशे रुपये होतात. फरक सरकारी तिजोरी भरते, आणि त्यातला मोठा भाग परदेशी वायू विकणाऱ्याकडे जातो. शेतकऱ्याच्या नावाने खर्ची पडणारे सगळेच अनुदान शेतकऱ्याला मिळत नसते, हे यातून ध्यानात यावे.

आणखी एक धडा वनस्पती तुपाच्या इतिहासात आहे. १९४६ साली गांधीजींनी 'हरिजन'मधून या कृत्रिम तुपाविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याची मागणी संसदेत झाली. सरकारने बंदी घातली नाही. तुपातली भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल मिसळण्याची सक्ती तेवढी केली. गांधीजींचा आक्षेप मागासलेला ठरवून अनेक सुशिक्षितांनी तो हसण्यावारी नेला. पुढे अर्धवट हायड्रोजनीकरणातून निपजणारी ट्रान्स स्निग्धे हृदयविकाराला कारण होतात, हे विज्ञानानेच सिद्ध केले, आणि १ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेलांतील व स्निग्धांतील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणावे लागले. मधल्या काळात गरिबाच्या ताटात तेच गेले, कारण ते स्वस्त होते. हायड्रोजनीकरण वाईट, असा याचा अर्थ नव्हे. संपूर्ण हायड्रोजनीकरण केलेल्या तेलात ही स्निग्धे जवळजवळ राहत नाहीत. साबण, औषधे यांत तर तो प्रश्नच येत नाही. अर्थ एवढाच की कोणत्या वस्तूसाठी कोणते तंत्र वापरायचे, हा निर्णय केवळ नफ्यावर सोपविला तर त्याची किंमत ज्याला बोलता येत नाही त्याला द्यावी लागते.

या पार्श्वभूमीवर नव्या धोरणाकडे पाहिले पाहिजे. १९,७४४ कोटींपैकी १७,४९० कोटी रुपये उत्पादकांना व विद्युत्-विघटनाची यंत्रे बनविणाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून द्यावयाचे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनची व्याख्या जाहीर केली. किलोमागे दोन किलोंपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड सुटता कामा नये, ही अट; आणि विजेबरोबरच जैविक पदार्थांपासून केलेला हायड्रोजनही या व्याख्येत बसतो. उत्पादनाच्या पहिल्या लिलावात वर्षाला साडेचार लाख टनांची क्षमता देऊ केली होती. त्यातले ४० हजार टन जैविक मार्गासाठी राखून ठेवले होते. २०२४ च्या प्रारंभी निकाल लागला तेव्हा विजेच्या मार्गाचा सगळा वाटा मोठमोठ्या कंपन्यांनी उचलला होता. जैविक मार्गाच्या ४० हजार टनांपैकी केवळ दोन हजार टनांना मागणी आली, आणि तीही भारत पेट्रोलियम या एका सरकारी कंपनीकडून. एवढी मोठी जागा रिकामी राहिली, आणि ती रिकामी का राहिली याची चर्चा झाली नाही.

ही रिकामी जागा भरण्याचा कच्चा माल कोल्हापूर जिल्ह्यात कारखान्याच्या आवारात पडलेला असतो. उसाचा रस गाळल्यावर जो चिखलासारखा गाळ उरतो, तो प्रेसमड. टनभर उसामागे तो पस्तीस किलोंच्या आसपास निघतो. बंदिस्त टाकीत कुजविला तर त्यातून जैववायू निघतो आणि त्यातला मुख्य घटक मिथेन हाच असतो. जमिनीखालच्या मिथेनमध्ये आणि या मिथेनमध्ये रसायनशास्त्राला फरक दिसत नाही; फरक आहे तो मालकीत. पहिला परदेशातून जहाजाने येतो, दुसरा सभासदाच्या उसातून. दिवसाला पाच हजार टन ऊस गाळणारा कारखाना घेतला तर रोज १७५ टन प्रेसमड, त्यातून चार टक्क्यांच्या हिशोबाने सात टन शुद्ध जैववायू, आणि त्यातून सुमारे दोन टन हायड्रोजन होऊ शकतो. १३० दिवसांचा हंगाम धरला तर वर्षाला २६० टन. असे आठ कारखाने एकत्र आले तर साऱ्या देशात जैविक मार्गाला जेवढी मागणी आली, तेवढा हायड्रोजन एका जिल्ह्यातून निघेल.

या आकड्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. थळच्या रोजच्या पावणेपाचशे टनांपुढे दोन टन म्हणजे काहीच नव्हे. युरियाचा प्रश्न यातून सुटणार नाही, आणि सुटेल असे सांगणारा पुढारी लोकांची फसवणूक करील. परंतु हायड्रोजनीकरणाच्या उद्योगाचे माप निराळे आहे. टनभर तेलाला पाच किलो हायड्रोजन पुरतो, हे लक्षात घेतले तर रोजच्या दोन टनांत चारशे टन तेलावर प्रक्रिया होऊ शकते. लोटे परशुराम, कुरकुंभ यांसारख्या रासायनिक वसाहतींना, स्टिअरिक आम्ल, सॉर्बिटॉल व औषधे बनविणाऱ्यांना लागणारा हायड्रोजन याच मापाचा असतो. कच्च्या मालाचा हिशोबही अगदीच प्रतिकूल नाही. शुद्ध जैववायूला किलोमागे पन्नास रुपये किंमत दिली तर किलोभर हायड्रोजनला वायूचा खर्च पावणेदोनशे रुपये येतो. विजेच्या मार्गाने नुसत्या विजेलाच अडीचशे लागतात.

अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पहिली अडचण आकाराची: वर सांगितलेला भांडवलाचा नियम लहान कारखान्याच्या विरुद्ध जातो. त्याला एकच उत्तर संभवते, ते म्हणजे अनेक कारखान्यांनी मिळून एक संयुक्त प्रकल्प काढणे. दुसरी अडचण हंगामाची: गाळप चार-पाच महिने चालते आणि प्रेसमड उघड्यावर साठविला तर त्यातला कस उडून जातो. झाकलेली साठवण आणि हंगामाबाहेर इतर सेंद्रिय माल यांची सोय आधी करावी लागेल. तिसरी अडचण शुद्धीकरणाची. येथले बहुतेक कारखाने रस स्वच्छ करण्यासाठी गंधकाचा धूर वापरतात. त्यामुळे या जैववायूत हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण चांगलेच असते. निकेलच्या या शत्रूला आधी हटविल्याशिवाय पुढची पायरी शक्य नाही. चौथी गोष्ट, जेथे वायू सरळ इंधन म्हणून वापरून भागते तेथे त्याचा हायड्रोजन करणे हा अपव्यय ठरेल. हायड्रोजनीकरणासाठी जेथे हायड्रोजनच हवा, तेथेच हा मार्ग शहाणपणाचा आहे. या मर्यादा मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

परंतु सर्वांत मोठी अडचण तांत्रिक नाही. ती सहकाराच्या आजच्या अवस्थेत आहे. रत्नाप्पा कुंभार आणि तात्यासाहेब कोरे यांच्या पिढीने या जिल्ह्यात शेतकऱ्यांचे भाग गोळा करून कारखाने उभे केले. त्याच सहकारात पुढे घराणी बसली, सभासद हा उसाची मोळी टाकणारा गिऱ्हाईक होऊन बसला, आणि राज्यात कितीतरी सहकारी कारखाने कवडीमोलाने खाजगी हातांत गेले. अशा वेळी प्रेसमडला उद्या भाव आला तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. संचालकांच्या सोयीची एखादी खाजगी कंपनी पंधरा-वीस वर्षांच्या कराराने हा गाळ नाममात्र दरात उचलील, सरकारी प्रोत्साहन ती घेईल, आणि सभासदाला वार्षिक अहवालात 'इतर उत्पन्न' अशी एक ओळ दिसेल.

यात उसाच्या दराचा प्रश्न थेट गुंतलेला आहे. रंगराजन समितीने २०१२ साली महसूलवाटणीचे सूत्र सुचविले. साखर आणि भुसा, मळी व प्रेसमड ही प्राथमिक उपउत्पादने मिळून जे उत्पन्न येते त्याचे सत्तर टक्के ऊस उत्पादकाचे, असे त्याचे सार. महाराष्ट्राने २०१३ साली याच धर्तीवर कायदा केला. म्हणजे प्रेसमडच्या उत्पन्नावर शेतकऱ्याचा हक्क सूत्रातच मान्य झालेला आहे. पण सूत्र उपउत्पादनाच्या विक्रीला लागू होते. त्या उपउत्पादनापासून पुढे जी वस्तू तयार होते तिच्या नफ्याला नाही. प्रेसमड स्वस्तात विकून हायड्रोजनचा नफा वेगळ्या कंपनीत ठेवला की कायदा पाळूनही शेतकऱ्याचा वाटा बुडविता येतो. मळीपासून इथेनॉल होऊ लागले तेव्हा हीच तक्रार उठली होती. ती पुन्हा उठण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. दार आधीच बंद केले पाहिजे.

प्रेसमड आज अनेक शेतकरी खत म्हणून रानात घालतात, हेही विसरता कामा नये. वायू काढून घेतल्यावर उरणाऱ्या गाळात नायट्रोजन, स्फुरद बहुतांशी शिल्लक असते. तो गाळ सभासदाच्या शेतात परत गेला तर जमिनीचे नुकसान नाही. तो नदीकाठी ओतला गेला तर मात्र दुहेरी नुकसान आहे. पंचगंगेच्या प्रदूषणाने या जिल्ह्याने पुरेसे सोसले आहे. हायड्रोजन हा रंग-वास नसलेला, दिवसा जवळजवळ न दिसणाऱ्या ज्योतीने जळणारा वायू आहे, ही गोष्टही कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाची. हंगामी आणि कंत्राटी कामगारांना चार दिवसांची माहिती देऊन अशा प्रकल्पावर उभे करणे हा गुन्हा ठरेल. प्रशिक्षित आणि कायम कामगार ही या उद्योगाची अट असली पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सहकारी कारखान्यांच्या संयुक्त प्रकल्पांसाठी केंद्राच्या व राज्याच्या तरतुदीतला ठरावीक हिस्सा राखून ठेवावा, आणि जो प्रकल्प खाजगी कंपनीच्या नावाने उभा राहील त्याला तो मिळू नये. प्रेसमडपासून होणाऱ्या वायूचे व हायड्रोजनचे उत्पन्न महसूलवाटणीच्या सूत्रात आणावे. प्रेसमडचा प्रत्येक दीर्घ मुदतीचा करार सर्वसाधारण सभेपुढे ठेवल्याशिवाय वैध मानू नये. उरलेल्या गाळावर सभासदाचा पहिला हक्क राहावा. आणि हे तंत्र येथल्या परिस्थितीत बसविण्याचे संशोधन शिवाजी विद्यापीठासारख्या सार्वजनिक संस्थांकडे सोपवावे. त्याचे पेटंट बाहेरून विकत घेण्याची पाळी येऊ नये.

यातले बरेचसे काम विधिमंडळात होण्याआधी गावोगावी व्हावे लागेल. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. गोंधळात विषयपत्रिका मंजूर करून घेण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. कार्यकर्त्यांनी या वेळी सभासदांबरोबर बसून अहवाल आधी वाचावेत आणि तीन साधे प्रश्न लेखी विचारावेत: गेल्या हंगामात प्रेसमड किती निघाला? तो कोणाला, कोणत्या दराने, किती वर्षांसाठी दिला? आणि त्याचे पैसे उसाच्या दरात धरले का? या प्रश्नांची उत्तरे देण्यास कोणत्याही संचालक मंडळाला रसायनशास्त्र शिकावे लागणार नाही. ज्या कारखान्यात ती उत्तरे मिळतील तेथे संयुक्त प्रकल्पाचा विचार पुढे नेता येईल. ज्या कारखान्यात ती टाळली जातील तेथे लढा कोठून सुरू करायचा हे सभासदांना कळेल.